दीडशेवर अडकलेली नाडी

पेशंट साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. बसल्या जागी धडधड, जिना चढताना दम. नाडी दीडशे. मला खटकलं ते हे, की पडून राहिले तरी दीडशे आणि चालून आले तरी दीडशेच. भीतीने किंवा तापाने वाढलेली नाडी अशी एका आकड्याला चिकटून बसत नाही.

शिरेतून अॅडेनोसिन दिलं. त्याने एव्ही नोड, म्हणजे वरचा ठोका खाली पोचवणारी गाठ, काही सेकंद अडतो, खालच्या निलयांचे ठोके विरळ होतात आणि वरच्या अलिंदात काय चाललंय ते उघडं पडतं. ईसीजीवर करवतीचे दाते उमटले, मिनिटाला सुमारे तीनशे. एट्रियल फ्लटर, म्हणजे अलिंदात गोल फिरत राहणारी वेगवान लहर. दर दोन लहरींपैकी एकच खाली पोचत होती, म्हणून दीडशे.

उजव्या अलिंदाचं वर्णन बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात: वरच्या आणि खालच्या महाशिरेतून, शिवाय हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंतून कोरोनरी सायनसमार्गे आलेलं अशुद्ध रक्त गोळा करून ट्रायकस्पिड झडपेतून उजव्या निलयात सोडणारा कप्पा. भिंत दोनेक मिलिमीटरची, दाब अगदी कमी. पण ठोका सुरू करणारा सायनस नोड याच भिंतीत, वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असतो. मागचा गुळगुळीत भाग आणि पुढचा स्नायूंच्या पट्ट्यांचा खडबडीत भाग यांच्यामध्ये क्रिस्टा टर्मिनॅलिस नावाचा उंचवटा असतो. फ्लटरची लहर ट्रायकस्पिड झडपेभोवती गोल फिरते, आणि मधूनच आडवाट धरून विझून जाण्यापासून तिला रोखणाऱ्या गोष्टींत हा उंचवटाही येतो. लहरीला झडप आणि खालची महाशीर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून जावंच लागतं. ती पट्टी जाळली की रस्ता बंद.

जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर नेला. पट्टी जाळणारी रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा सुरू केल्यावर थोड्याच वेळात फ्लटर थांबला. मॉनिटरवर सत्तरची नाडी पाहून ज्युनिअर खूश झाला. मी नव्हते. लय थांबणं आणि वाट पूर्ण बंद होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोरोनरी सायनसमधून पेसिंग केलं, म्हणजे बाहेरून ठोके दिले, तर लहर पट्टीतून अजूनही पलीकडे जात होती.

खालच्या महाशिरेच्या तोंडाजवळ कॅथेटरचं टोक टेकतच नव्हतं. हृदयातली सोनोग्राफी लावली तेव्हा कारण दिसलं: युस्टेशियन झडपेचा जाड, उंच कंगोरा. गर्भात हिचं मोठं काम असतं. नाळेकडून आलेलं प्राणवायूयुक्त रक्त ती दोन अलिंदांमधल्या छिद्राकडे वळवते, म्हणजे ते फुप्फुसांना वगळून थेट डावीकडे जातं. जन्मानंतर छिद्र मिटतं, झडप बहुतेकांत नावापुरती उरते. यांची मात्र ठसठशीत टिकली होती आणि कॅथेटर तिच्यावरून घसरून पुढे जात होता.

मग कॅथेटर अलिंदातच वळवून त्याचा लूप केला आणि टोक कंगोऱ्याच्या मागे, महाशिरेच्या बाजूने टेकवलं. राहिलेली फट तिथेच होती. पुन्हा पेसिंग केलं. आता लहर अख्ख्या ट्रायकस्पिड झडपेला वळसा घालून उशिरा पोचली. उलट दिशेनेही तसंच. अर्धा तास थांबून परत तपासलं, वाट बंदच होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "मॅडम, मग ती झडप काढून टाकलीत का?"

"नाही सर, आहे तिथेच आहे. तिचा त्रास आम्हाला झाला, तुम्हाला नाही."

रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र मी चालू ठेवली. ती बंद होईल या आशेवर होते ते, थोडे नाराज झाले. पण फ्लटर गेलेल्या बऱ्याच जणांत पुढे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे गुठळीचा धोका असलेली अलिंदांची बेताल थरथर, निघतं, आणि ते बहुधा डाव्या अलिंदातून सुरू होतं. तिकडे आम्ही हातही लावला नव्हता.