"स्कॅनर दाखवा की मामा!"

आज नवी पेठेत टॉवेल घेतले. पैसे पाठवले, तर दुकानदार मामा गल्ल्यावरच्या पोराला विचारतात, "आवाज आला का बे?" यूपीआय आलं २०१६ साली, आणि एवढ्यात 'आवाज येणे' म्हणजे पैसे जमा होणे झालंसुद्धा!

शेजारच्या मावशी तेलुगूत बोलत होत्या, त्यातही 'स्कॅनर' होताच. खरं तर भिंतीवरचा तो चौकोन म्हणजे क्यूआर कोड, स्कॅन करतो आपला फोन. पण अख्खं सोलापूर त्या कागदालाच स्कॅनर म्हणतं. शुद्धवाले चिडोत, मला आवडतं बुवा.

आपल्याला हे नवीन थोडंच आहे? चादरीच्या मागावरचं, नक्षी विणणारं 'जकार्ड' म्हणजे फ्रान्सच्या एका विणकराचं आडनाव. त्यानं १८०४ च्या सुमारास ते यंत्र बनवलं, आणि आडनाव इथल्या कारखान्यांत रुळलं. उलट आपला घडवलेला 'दूरध्वनी' सरकारी पत्रांतच जास्त दिसतो. (लग्नपत्रिकेत 'भ्रमणध्वनी' छापतात, ते वेगळं.)

क्रियापदं मात्र आपलीच हं. मिसकॉल दे, रिचार्ज मार, लोकेशन टाक. आणि उशीर झाला की, "थांब की बे, लोकेशन टाकलालो!"