बाटली चेपू नका रे!

जर्मनीत नवीन आलेल्या आपल्या पोरापोरींना मी सगळ्यात आधी हेच सांगते, की बाटली फेकू नका आणि चेपू तर मुळीच नका. आपल्याकडे पाण्याची बाटली संपली की पिळून टाकायची सवय असते, परत कुणी नळाचं पाणी भरून विकू नये म्हणून, आणि तिकडे ते बरोबरच आहे. पण इथे बाटली विकत घेतानाच तिचे पंचवीस सेंट डिपॉझिट भरलेलं असतं, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला दिली की ते परत मिळतं. बाटली चेपली आणि मशीनला बारकोड वाचता आला नाही की मशीन ती घेतच नाही, आणि अडकले तुमचे पंचवीस सेंट. म्हणजे पंचवीसेक रुपये हो! स्वस्तातल्या सुपरमार्केटचं पाणी घेतलं तर कधीकधी आतलं पाणी आणि बाहेरची बाटली यांची किंमत सारखीच पडते.

या डिपॉझिटला इथे फांट म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला सरसकट 25 सेंट, परत धुऊन भरायच्या बाटल्यांना 8 किंवा 15. बियरच्या काचेच्या बाटलीला बहुतेक 8 च. आणि क्रेट घेतला तर क्रेटचे वेगळे दीड युरो, म्हणजे वीस रिकाम्या बाटल्यांसकट क्रेट परत केला की तीन युरो दहा सेंट हातात, त्यामुळे घरी पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी दुकानात कोण जाणार यावर कुणी कुरकुर करत नाही.

दुकानाच्या एका कोपऱ्यात मशीन असतं, भोकात एकेक बाटली सरकवायची, ती आत गोल फिरते, एकदा वापरायची असेल तर तिथल्या तिथे चिरडल्याचा आवाज येतो, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी, ती काउंटरवर द्यायची. मोठ्या दुकानांना तर दुसरीकडून घेतलेली एकदाच वापरायची बाटलीसुद्धा घ्यावीच लागते, त्या प्रकारच्या, म्हणजे प्लास्टिकच्या असतील तर प्लास्टिकच्या, बाटल्या ते विकत असले म्हणजे झालं. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. लोक काही फार पर्यावरणवाले आहेत म्हणून हे चालत नाही, दूध-ब्रेड आणायला जायचंच असतं, पिशवीत रिकाम्या बाटल्या टाकायच्या, बास.

आता यातला खरा विनोद ऐका. हे 25 सेंट आणले ते परत भरायच्या बाटल्या वाचवायला. 1991 च्या नियमात लिहिलं होतं की पेयांमध्ये अशा बाटल्यांचं प्रमाण 72 टक्क्यांच्या खाली गेलं तर बाकीच्यांवर सक्तीचं डिपॉझिट लावू. ते खाली गेलं, उद्योगवाल्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, आणि ट्रिटिन पर्यावरणमंत्री असताना 1 जानेवारी 2003 ला डिपॉझिट सुरू झालं. बाटल्या जवळजवळ सगळ्या परत यायला लागल्या हे खरं, पण परत भरायच्या बाटल्यांचं प्रमाण पुढे निम्म्याच्याही खाली गेलं! डिस्काउंटवाल्या दुकानांनी एकदाच वापरायच्या बाटल्याच धडाधड विकल्या. आणि ज्या बाटल्या परत येत नाहीत त्यांचे पैसे कंपनीकडेच राहतात, यावर मला अजूनही राग येतो.

दुसरी बाजू म्हणजे बाटल्या गोळा करणारे लोक. स्टेशनवर, मॅचच्या बाहेर, बागेत, त्यात पेन्शन पुरत नाही असे आजी-आजोबासुद्धा, हातात बॅटरी घेऊन कचरापेटीत वाकून बघतात. म्हणून बरेच जण बाटली पेटीत न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, मीही ठेवते. चांगलं वाटतं, आणि इतक्या श्रीमंत देशात हे बघून वाईटही वाटतं.

महाराष्ट्रात 2018 ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा बाटल्यांवर परतीची किंमत छापायचा नियम होता, आठवतंय? एक-दोन रुपये. एक रुपयासाठी कोण बाटली घरी नेणार, आणि नेली तरी घेणार कोण, दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघणार. त्यापेक्षा तमिळनाडूतल्या नीलगिरीत बरं केलं, तिथे जंगलात फुटलेल्या काचा हत्तींच्या पायात जात होत्या म्हणून हायकोर्टाने लक्ष घातलं, आणि 2022 पासून सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात, रिकामी परत दिली की दहा परत. रक्कम बरी, आणि द्यायची त्याच दुकानात. गोव्यानेही 2024 ला डिपॉझिट रिफंडची योजना नोटिफाय केली आहे.

फक्त आपल्याकडे एक गोष्ट इथल्यापेक्षा वेगळी आहे. आपली बाटली आत्तासुद्धा वाया जात नाही, ती कचरावेचक बाई उचलते आणि भंगारवाल्याला किलोवर विकते, पुण्यात तर त्यांची स्वतःची संघटना आहे, 1993 पासून. उद्या बाटलीला दहा रुपये आले तर लोक आपापल्या बाटल्या आपणच परत करतील, म्हणजे तिच्या पोत्यातला सगळ्यात चांगला माल आधी जाणार. उरलेल्या बाटल्यांचे दहा-दहा रुपये तरी तिला मिळायला हवेत, पण मशीन मॉलमध्ये लावलं तर पोतं घेऊन आलेल्या बाईला वॉचमन आत सोडणार आहे का? योजना लिहिणाऱ्यांनी मशीन कुठलं घ्यायचं ते नंतर ठरवा, आधी हे ठरवा.