तुम्ही विचारलंत म्हणून: मी येशूची चित्रं का बघते

नौपाड्यात कुठेही भेटलात, लग्नात, व्याख्यानात, अगदी भाजी घेतानासुद्धा, तरी तुमचा प्रश्न ठरलेला. "तुमच्याकडे गणपती बसतो, मग ही येशूची चित्रं, ते चर्चचे सिनेमे कशाला? बाप्तिस्मा घ्यायचाय का?" नाही घ्यायचा. घ्यायचा असता तरी तो माझा प्रश्न होता.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र तुमच्याही कपाटात आहे. त्यांच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला नसता तर ते पुस्तक असं झालंच नसतं. ते वाचणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. मलाच का विचारता?

पूर्वी मी सांगायचे, "कला म्हणून बघते." दिग्दर्शक ड्रायरच्या जोन ऑफ आर्कवरच्या १९२८च्या मूकपटात कॅमेरा जोनच्या चेहऱ्याच्या किती जवळ जातो, ते समजावत बसायचे. ते खोटं नव्हतं, पण सोयीचं होतं. बाबांच्या आजारपणात ते पुरेनासं झालं.

शुगरमुळे बाबांच्या पायाला गँगरीन झालं होतं. घरी ड्रेसिंग मीच करायचे. चिकटलेलं गॉज सलाइनने भिजवायचं, कडेकडेने सोडवायचं, त्यांनी चादर मुठीत धरली की थांबायचं. भेटायला आलेली माणसं पाय सोडून सगळीकडे बघायची. वासाबद्दल कुणी बोलायचं नाही, पण उदबत्ती लावायला कुणीतरी हमखास उठायचं.

तेव्हा मी मोबाइलवर ग्र्युनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं इझेनहाइमचं वेदीचित्र पुन्हा पुन्हा बघायचे. १५१६च्या सुमाराला पूर्ण झालेलं हे चित्र एका मठाच्या रुग्णालयासाठी काढलेलं. राय या धान्यावरच्या बुरशीने विषबाधा होऊन हातपाय सडलेली माणसं तिथे यायची. क्रूसावरचा येशू हिरवट पडलेला, अंगभर जखमा, बोटं वेडीवाकडी ताठरलेली. आजाऱ्यांच्या नजरेसमोर असावा म्हणून असा रंगवलेला.

एकदा बाबांनी मोबाइल मागून घेतला. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस. चित्र बोटांनी मोठं करून त्यांनी येशूचे पाय बघितले. मग म्हणाले, "ह्याचं ड्रेसिंग कोण करायचं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानात शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीशी जातात, तर आत येशूचं शरीरच नाही. येशू पुन्हा उठला, हा श्रद्धावंतांचा आनंद तिथून सुरू होतो. मी त्या बायकांपाशीच अडते. आणलेलं आता कुणाला लावायचं? बाबा गेल्यावर गॉजची न फोडलेली पाकिटं मी एका दवाखान्यात देऊन आले, तेव्हाही हेच डोक्यात होतं.

आजाऱ्यांसाठी काढलेलं चित्र नुसत्या रंगरेषांसाठी बघायचं, हे मला आता पटत नाही. मग मी पुनरुत्थान मानते का? नाही. तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये जाणारी माझी मैत्रीण चिडते. "क्रूसाचा शुक्रवार तेवढा घेतेस आणि पुनरुत्थानाचा रविवार आमच्याकडे ठेवतेस," म्हणते. मी तिच्याशी भांडते, पण ती चुकतेय असं काही मला म्हणता येत नाही.

पुढच्या ड्रेसिंगला बाबांनी ते चित्र स्वतःहून मागितलं. आधी हरिपाठ म्हटला, मग मागितलं. बाप्तिस्मा घ्यायचाय का, हे त्यांना विचारायची तुमची हिंमत झाली असती का?