शेल्सली वॉल्श आणि प्रेस्कॉट : जुन्या मोटारींची चढाई-शर्यत समजून घेताना

शेल्सली वॉल्शच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर सर्वांत आधी जाणवतो तो रस्त्याचा आखूडपणा. १००० यार्ड, म्हणजे अवघे ९१४ मीटर अंतर. पण सरासरी चढ ९.१४ फुटांमागे एक फूट आणि सर्वांत तीव्र जागी ६.२४ फुटांमागे एक फूट. १२ ऑगस्ट १९०५ रोजी येथे पहिली शर्यत झाली आणि आजही गाड्या त्याच डोंगरउतारावरून वर जातात. जुलैमध्ये शेल्सली आणि ऑगस्टमध्ये प्रेस्कॉट, अशा इंग्लंडमधील दोन चढाया मी एकच प्रश्न मनात ठेवून पाहिल्या : पाऊण लिटरची चिमुकली ऑस्टिन सेव्हन आणि तीन लिटरची बेंटली एकाच दिवशी एकाच चढावर धावतात, तेव्हा अधिक चांगली कोण धावली हे ठरवायचे कसे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर वयाच्या गटांत आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या वर्गवारीत १९१८ अखेरपर्यंतच्या गाड्या एडवर्डियन, १९१९ ते १९३० मधील व्हिंटेज, आणि त्यानंतरच्या दशकातील निवडक गाड्या पोस्ट-व्हिंटेज थरोब्रेड म्हणून ओळखल्या जातात. वयानंतर इंजिनाची क्षमता पाहिली जाते, आणि पुढे स्पोर्ट्स गाडी व निव्वळ शर्यतीची गाडी असा भेद होतो. जुन्या सुट्या भागांतून जोडलेल्या ‘स्पेशल’ गाड्यांच्या बाबतीत काम नाजूक होते, कारण सांगाडा एका वर्षाचा, इंजिन दुसऱ्या वर्षाचे आणि ब्रेक तिसऱ्याच वर्षाचे असू शकतात. म्हणून प्रत्येक गाडीची कागदपत्रे आधी तपासली जातात, आणि माझ्या मते या खेळाचा प्रामाणिकपणा याच तपासणीवर उभा आहे.

क्षमता घनसेंटिमीटरमध्येच का मोजायची, हे मला पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या असतात त्या आवारात, कार्यक्रमपत्रिकेच्या मागे आकडेमोड करताना नीट उमगले. ब्रिटनमध्ये पूर्वी अश्वशक्ती ठरवण्याचे आरएसी (रॉयल ऑटोमोबाईल क्लब) सूत्र प्रचलित होते : सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले २.५. ऑस्टिन सेव्हनचा व्यास ५६ मिलिमीटर, म्हणून तिची अश्वशक्ती ७.८ भरते, तीन लिटर बेंटलीचा ८० मिलिमीटर, म्हणून तिची १५.९. दोघींचे सिलिंडर चारच. म्हणजे सूत्रानुसार बेंटली ऑस्टिनच्या दुप्पट झाली, पण प्रत्यक्ष क्षमता ७४७ विरुद्ध २९९६ घनसेंटिमीटर, म्हणजे चौपट आहे. पिस्टन किती लांब धावतो, म्हणजे स्ट्रोक किती, याची दखल सूत्र घेतच नाही. बेंटलीचा स्ट्रोक तब्बल १४९ मिलिमीटर होता. कर याच सूत्रावर बसत असल्याने ब्रिटिश कारखाने बारीक व्यासाची आणि लांब स्ट्रोकची इंजिने बनवत राहिले.

सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, हिशेब त्याहून अवघड आहे. १९३८ च्या ग्राँ प्री नियमांनी सुपरचार्जर असलेल्या तीन लिटर इंजिनाला साध्या साडेचार लिटर इंजिनाशी बरोबरीचे मानले, म्हणजे सुपरचार्जरवाल्या क्षमतेला लावायचा गुणांक दीड. महायुद्धानंतरच्या नियमांत त्याच साडेचार लिटरसमोर सुपरचार्जरचे दीड लिटर ठेवले, म्हणजे गुणांक थेट तीन. एकाच प्रश्नाची दहा वर्षांच्या आत इतकी भिन्न उत्तरे आली, यावरून असा कोणताही गुणांक तडजोडच असतो हे मला पटले. त्यामुळे आपण ज्या शर्यतीला जाणार तिचा गुणांक कोणता, हे तिच्याच नियमपत्रात पाहावे.

हँडिकॅप ही गटांच्या पुढची पायरी आहे. गाडीच्या किंवा चालकाच्या आधीच्या वेळांवरून तिला काही सेकंदांची सवलत दिली जाते, किंवा एक लक्ष्यवेळ ठरवून ती किती टक्क्यांनी सुधारली हे पाहिले जाते. सेकंदांची सवलत समजायला सोपी असली तरी ती कोरड्या रस्त्यावर बेतलेली असते. उदाहरणादाखल, १२ सेकंदांची सवलत असलेली छोटी गाडी ५८ सेकंदांत वर गेली तर तिची हिशेबी वेळ ४६. सवलत नसलेली मोठी गाडी ४५.५ सेकंदांत गेली तर ती जिंकली. शेल्सलीला दुपारी पाऊस आला आणि नेमके उलटे घडताना दिसू लागले : हलक्या गाड्या तीन-चार सेकंदच गमावत होत्या, ताकदवान गाड्यांची मागची चाके मात्र जागीच फिरत होती. याच चढावर १९३० मध्ये ऑस्ट्रो-डेमलर घेऊन ४२.८ सेकंदांचा विक्रम करणारा हान्स श्टुक १९३६ मध्ये सोळा सिलिंडरची ऑटो युनियन घेऊन आला, तेव्हा ओल्या रस्त्यावर त्याला स्वतःची जुनी वेळही गाठता आली नव्हती. म्हणून मला टक्केवारीची पद्धत अधिक न्याय्य वाटते, पण पावसाचे पूर्ण उत्तर तिच्याकडेही नाही.

प्रेस्कॉटचा रस्ता सुमारे १०३० मीटरचा असून तो बुगाटी ओनर्स क्लबच्या मालकीचा आहे. येथे १९३८ पासून शर्यती होतात. पार्डन नावाच्या हेअरपिन वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहावे. साखळीवर चालणाऱ्या फ्रेझर नॅश गाडीला डिफरेन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसते. सुरुवातीला तिची दोन्ही मागची चाके एकदम जोर लावतात, पण या वळणावर तीच गाडी नाक सरळ धरून बाहेर जाऊ पाहते आणि चालकाला मागचा भाग मुद्दाम घसरवावा लागतो. गाडीचा स्वभाव आणि घड्याळातील सेकंद यांचा संबंध इतका स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

जाणाऱ्यांनी सरावाच्या फेऱ्या चुकवू नयेत, कारण त्यांच्या वेळा टिपून ठेवल्या तरच दुपारच्या फेऱ्यांतील सुधारणा कळते. हिरवा दिवा लागताच घड्याळ सुरू होत नाही. गाडीने सुरुवातीच्या रेषेवरचा प्रकाशकिरण तोडला की ते सुरू होते, म्हणून चालक दिव्यानंतर क्षणभर थांबला तर त्याचे काही बिघडत नाही. शेल्सलीसाठी वूस्टरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढचे सुमारे १६ किलोमीटर टॅक्सीने जावे व परतीची टॅक्सी आधीच ठरवावी; प्रेस्कॉट चेल्टनहॅमपासून साधारण आठ किलोमीटरवर आहे. पायांत पकड असलेले बूट, खिशात कानात घालायचे बोळे आणि पेन्सिल असू द्यावी. पाऊस पडला तर पेनाची शाई कागदावर पसरते. पॅडॉकमध्ये जळलेल्या एरंडेल तेलाच्या वासात मालक इंजिने गरम करत असतात. त्या वेळी मध्ये बोलू नये. फेरी संपवून गाडी खाली परतल्यावर विचारले, तर बहुतेक जण बॉनेट उघडून आपली सवलत कशी ठरली तेही सांगतात.