प्रशिक्षकाने हात केव्हा घालायचा?

हेलिकॉप्टर शिकताना अपघात झाला की लोक सहसा शिकाऊ वैमानिकाच्या अननुभवाकडे बोट दाखवतात. मला हे अर्धेच खरे वाटते. शिकाऊ माणूस चुकणारच, त्यासाठीच तो तिथे बसलेला असतो. शेजारच्या प्रशिक्षकाने ती चूक किती वेळ चालू द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

माझा भाचा व्यावसायिक हेलिकॉप्टर परवान्याच्या प्रशिक्षणासाठी प्रवेश घेणार असल्याने मी त्याला गोव्यात बोगमाळो रस्त्यावरील नौदलाच्या विमान संग्रहालयात नेले होते. तेथे ह्यूजेस ३०० हे लहानसे हेलिकॉप्टर ठेवलेले आहे. दोघे खांद्याला खांदा लावून बसतील एवढीच ती केबिन पाहून तो म्हणाला, “मामा, इन्स्ट्रक्टर इतका जवळ असतो, मग भीती कसली?”

प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-२२ची निर्माती रॉबिन्सन कंपनी आपल्या सुरक्षा सूचनांमध्ये नेमके उलट बजावते. नवख्याने गोंधळून सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारा दांडा) एकदम चुकीच्या दिशेला जोरात ढकलला, तर कसलेल्या प्रशिक्षकालाही हेलिकॉप्टर सावरता येईलच असे नाही. या हेलिकॉप्टरच्या अशा अपघातांनंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये वैमानिक आणि प्रशिक्षक या दोघांसाठीही वेगळे नियम केले.

सर्वांत जास्त धोका मला ऑटोरोटेशनच्या, म्हणजे इंजिनाशिवाय उतरण्याच्या, सरावात दिसतो. इंजिन बंद पडले तर डाव्या हातातील कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) ताबडतोब खाली करावा लागतो, म्हणजे खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि त्या फिरण्यातील ऊर्जेवर शेवटी अलगद उतरता येते. आर-२२ची पाती हलकी असल्याने येथे सेकंदभराचा उशीरही महागात पडतो. सरावात प्रशिक्षक थ्रॉटल कमी करून इंजिन बंद पडल्याचे सोंग आणतो, आणि गंमत अशी की (गंमत म्हणायची एवढेच) इंजिन शाबूत असतानाही यात हेलिकॉप्टरे आपटतात. त्यासाठीच कंपनीने जमिनीपासून १०० फुटांची मर्यादा सांगितली आहे. तेथे पोहोचेपर्यंत पात्यांचे फेरे मापकावरील हिरव्या पट्ट्यात, वेग ६० ते ७० नॉट, उतरण्याचा दर मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणि वळण पूर्ण झालेले हवे. यांतले एकही जुळले नाही तर लगेच इंजिनाची शक्ती घेऊन वर यावे. १५०० फुटांच्या दराने १०० फूट उतरायला चार सेकंद लागतात. “आता तो सुधारेल” असे म्हणत प्रशिक्षक थांबला, तर त्याची सारी शिल्लक एवढीच!

दुसरी गोष्ट ताब्याच्या देवघेवीची. “आय हॅव कंट्रोल”, “यू हॅव कंट्रोल” आणि पुन्हा “आय हॅव कंट्रोल” अशी तिहेरी उजळणी नवख्याला पोरखेळ वाटते. पण ती टाळली की हेलिकॉप्टर दुसऱ्याच्या हातात आहे असे दोघांनाही वाटू शकते, किंवा दोघेही एकाच वेळी दांडा धरून एकमेकांविरुद्ध जोर लावतात.

एकट्याने उड्डाण करण्याची पाळी येते तेव्हा प्रशिक्षकाचे वजन कमी झालेले असते, तोल बदललेला असतो आणि एक स्किड (हेलिकॉप्टर ज्यावर टेकते ती आडवी नळी) आधी उचलली जाते. दुसरी जमिनीत अडकून हेलिकॉप्टर कलंडू लागले, तर कलेक्टिव्ह खाली करणे हाच उपाय असतो, हे आधीच हातात मुरलेले हवे. आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. ३५ अंश तापमानात समुद्रसपाटीवरची हवा साधारण अडीच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते, आणि दोन माणसे व पुरेसे इंधन घेतलेल्या लहान इंजिनाची राखीव शक्ती तेवढी घटते.

म्हणून मी भाच्याला प्रत्येक प्रशिक्षण संस्थेला एक प्रश्न विचारायला सांगितला: तुमच्याकडे ऑटोरोटेशनचा सराव किती उंचीवर सोडून देतात, आणि ते लेखी आहे का? एका संस्थेने लगेच आकडा सांगून नियमपुस्तिकेचे पान दाखवले. दुसरीकडे “ते प्रशिक्षकाच्या अनुभवावर असते” असे उत्तर मिळाले. मी पहिलीच्या बाजूने आहे. पण तिची फी बरीच जास्त असल्याने बहिणीचा निर्णय अजून व्हायचा आहे.