तुम्ही विचारलंत म्हणून: मधल्या काकांचं घर

"ताई, बारा वर्षं टॅक्स भरला की घर आपल्या नावावर होते ना?" नागपूरच्या महाल भागातल्या मधल्या काकांच्या घराचं प्रकरण मी निस्तरते आहे हे कळल्यापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. नाही होत, बापा. कराची पावती म्हणजे कर भरल्याची पावती. आणि ती बारा वर्षं 1963 च्या मुदतीच्या कायद्यातली. मालकाला न जुमानता उघडपणे घर धरून बसलेल्यासाठी. किल्ली सांभाळणाऱ्यासाठी नाहीत.

आमची किल्ली होती चुलतभावाकडे, थोरल्या काकांच्या मुलाकडे. मधल्या काकांचं लग्न झालेलं नव्हतं, घर त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं. ते गेल्यावर नऊ वर्षं बंद. कवेलू घसरलेले, खिडकीतल्या कूलरचा तळ गंजून गळालेला, न्हाणीच्या भिंतीतून मनगटाएवढा पिंपळ बाहेर आलेला. करावर महिन्याला 2 टक्के शास्ती चढत होती, ती वेगळीच.

वकिलांनी 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा समोर ठेवला. बायको-मुलं नाहीत, आई-वडील नाहीत, तर घर हयात भावाबहिणींचं. त्यांच्यातलं एक जरी जिवंत असेल, तरी पुतण्यांचा नंबर लागत नाही. थोरले काका आधीच गेलेले. म्हणजे बाबा आणि दोन्ही आत्या, सारखे तीन हिस्से. चुलतभावाला काहीच नाही. शेवटची चार वर्षं काकांचा डबा आणि औषधं त्यानेच पोचवली होती. आम्ही दिवाळीला जायचो.

मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नगर भूमापनला पाच-सहा चकरा, मग आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, तीन नावं लागली. बाबा म्हणाले, माझा हिस्सा चुलतभावाला. हक्कसोड पत्र चालेना, कारण ते सहहिस्सेदाराच्याच नावे करता येतं आणि तो तर हिस्सेदारच नाही. म्हणून बक्षीसपत्र. मोठी आत्या तयार झाली. धाकटी म्हणते, "उन्हाळा सरू दे, मग बघू."

छप्पर आम्ही करून घेतलंय. पिंपळ मात्र तसाच आहे. गवंडी म्हणतो भिंत वाचवायची तर मूळ काढावंच लागेल, आणि हेही म्हणतो की मी त्याला हात लावणार नाही.