घोरणं थांबलं की हात थांबायचा

शनिवार, रात्रीचे पावणेएक

मुग्धा आणि पोरगी साडेदहालाच झोपल्या. मग लॅपटॉप ओट्यावर ठेवला, स्टूल ओढलं आणि ‘स्प्लिंटर सेल : कन्व्हिक्शन’ लावला. २०१०चा गेम. तेव्हा खेळायचा राहून गेला होता, परवा सेलमध्ये स्वस्तात दिसला म्हणून घेतला. दोन तास खेळलो. आता मजा आली की राग आलाय, तेच कळत नाहीये.

मी वाढलो याच मालिकेच्या तिसऱ्या भागावर, २००५च्या ‘केऑस थिअरी’वर. करी रोडची चाळ, एक खोली. बाबा कॉटवर, आई आणि दादा खाली, आणि कोपऱ्यात मी. मॉनिटरचा ब्राइटनेस पार खाली, वरून आईची जुनी ओढणी. कानात हेडफोन, पण एकाच कानात, दुसरा बाबांच्या घोरण्यासाठी मोकळा. घोरणं चालू आहे तोवर कीबोर्ड बिनधास्त वाजवायचा. ते थांबलं की हातही जागच्या जागी थांबायचा.

मजा म्हणजे गेममध्येही हेच चाललेलं असायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या. एक सांगायची तुम्ही किती उजेडात आहात, दुसरी तुमचा आवाज किती होतोय. आवाजाच्या पट्टीवर एक बारीक खूण असे, आसपास आधीच किती आवाज आहे त्याची. तुमचा आवाज त्या खुणेच्या खाली राहिला तर पहारेकऱ्याला पत्ता लागत नसे. शेजारी मशीन धडधडत असेल तर जरा भरभर चाला. शांत कॉरिडॉर आला की माऊसचं चाक फिरवून सॅम फिशरला, म्हणजे गेममधल्या आपल्या हेराला, मुंगीच्या पावलांनी न्या. एका पहारेकऱ्याच्या मागे मी पाच-पाच मिनिटं सरपटलोय. त्याला बेशुद्ध करायचं, खांद्यावर टाकायचं, अंधारात नेऊन ठेवायचं. उजेडात राहिला आणि त्याच्या जोडीदाराने पाहिला की बोंब.

‘कन्व्हिक्शन’मध्ये यातलं फारसं काही उरलेलं नाही. पट्ट्या गेल्या. अंधारात शिरलात की अख्खी स्क्रीन काळी-पांढरी होते, बाहेर आलात की रंग परत. लपलात किंवा दिसलात, मधलं काही नाही. आणि माझं सगळं खेळणं त्या मधल्या जागेत चालायचं! अर्धा खांदा उजेडात आहे, त्याने पाहिलं की नाही, तो थबकला का, ही धाकधूक. कुलूप उघडायची तार गेली. मेलेला माणूस उचलता येत नाही, पडला तिथेच राहतो. नुसतं बेशुद्ध करणं तर नाहीच, हाती लागला तो मेला. पुढे काय करायचं तेही भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटतं. हे मात्र दिसतं झकास.

आणि ते ‘मार्क अँड एक्झिक्यूट’. एकाला हाताने लोळवलं की ती सवलत मिळते. मग दाराच्या फटीतून दोघा-तिघांवर खुणा करायच्या, एक बटण दाबायचं, आणि सॅम स्वतःच सगळ्यांना टिपतो. आपण बघत बसायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी मोठ्याने हसलो (आणि लगेच बेडरूमकडे पाहिलं). चौथ्यांदा झालं तेव्हा वाटलं, मी इथे नक्की काय करतोय?

पक्याला मेसेज टाकला. तोही जागाच. म्हणाला, “अरे म्हाताऱ्या, पाच मिनिटं सरपटायला आता वेळ आहे का तुला? सोमवारी नऊ बाराची पकडायचीय ना?” हरामखोर बरोबर बोलतो.

सगळंच वाईट नाही. पहारेकऱ्यांनी तुम्हाला शेवटचं जिथे पाहिलं तिथे तुमची एक पांढरट सावली उभी राहते. ते तिच्यावर गोळ्या झाडत बसतात, तुम्ही खिडकीतून लटकत वळसा घालून त्यांच्या पाठीशी. जुन्या गेममध्ये त्यांच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज बांधावा लागे. इथे तो समोर काढून दिलाय, तरी डोकं तुमचंच चालवावं लागतं. असं सोपं केलेलं मला चालतं.

२००७ मध्ये हाच गेम पहिल्यांदा दाखवला तेव्हा वेगळाच होता. दाढीवाला सॅम, आणि अंधाराऐवजी गर्दीत लपायचं. नंतर तो मोडून नव्याने केला. गर्दीत लपणं त्यांना जमलं नसेल तर दादरच्या पुलावर या म्हणावं, टीसी दिसला की कसं विरघळायचं ते दाखवतो. पुढच्या, २०१३च्या ‘ब्लॅकलिस्ट’मध्ये बेशुद्ध करणं आणि माणूस उचलून लपवणं दोन्ही परत आलं. म्हणजे हळहळणारा मी एकटाच नव्हतो.

एक वाजला. लॅपटॉप मिटलाय. बेडरूमच्या दाराची बिजागरी कुरकुरते, तेल घालायचं रोज राहतं. आत पंखा पाचवर आहे, पण तो नवा, बिनआवाजाचा. पाण्याचा टँकर साधारण याच वेळेला सोसायटीत येतो. तो रिव्हर्स घ्यायला लागला की दार उघडीन.